कवडसा पकडणारी माणसं

जुन्या हिंदी गाण्यांचा विषय निघाला की आमच्या घरात सगळेच सरसावून बसतात. 'कागज के फूल'मधलं गीता दत्तचं ते प्रसिद्ध गाणं घ्या. आवाज गीता दत्तचा, चाल सचिनदेव बर्मनची, शब्द कैफी आझमींचे, दिग्दर्शक गुरुदत्त. सगळं तोंडपाठ. मग मी विचारतो, "डोळे मिटलेत तर त्या गाण्यातलं काय आठवतं?" तर दहातले नऊजण सांगतात, "तो वरून येणारा उजेडाचा झोत!" आणि तो झोत तिथे आणला कुणी, असं विचारलं की शांतता. शेवटी कुणीतरी म्हणतं, "गुरुदत्तनेच असेल की."

तो झोत आणला व्ही. के. मूर्ती यांनी. ते त्या सिनेमाचे छायालेखक. म्हणजे गाण्यातलं जे आपल्याला सगळ्यात पक्कं आठवतं, ते ज्याने केलं त्याचंच नाव आपल्याला माहीत नसतं. हे मला बरीच वर्षं खटकत आलंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. मी सिनेमाच्या धंद्यातला माणूस नाही. फुकटात मिळेल तेवढं वाचलेला आणि सिनेमे परत परत बघणारा एक साधा प्रेक्षक आहे, एवढंच.

आधी त्या शब्दाबद्दल. कुणी कॅमेरामन म्हणतात, कुणी सिनेमॅटोग्राफर, हिंदीत छायांकन. आपल्या मराठी सिनेमांच्या श्रेयनामावलीत 'छायालेखन' असं असायचं. मला हा शब्द फार आवडतो. कॅमेरामन म्हटलं की यंत्र चालवणारा माणूस डोळ्यासमोर येतो. छायालेखक म्हटलं की सावल्या मांडणारा माणूस येतो, आणि खरं काम तेच आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा, कुठलं भिंग लावायचं हे तर आहेच. पण उजेड कुठून येणार, किती येणार, आणि मुख्य म्हणजे कुठे येणार नाही, हे ठरवणं हा या माणसाच्या आयुष्यभराचा उद्योग.

सुरुवातीच्या काळात तर सगळा खेळ सूर्यावरच होता. तेव्हाची फिल्म आजच्या मानाने फार मंद. भरपूर ऊन असल्याशिवाय तिच्यावर काही उमटायचंच नाही. त्यामुळे जगभर सिनेमाचे सेट उघड्यावर, छपराशिवाय लावत. ऊन फार कडक झालं तर वर पांढरं कापड ताणायचं, सावली फार काळी पडली तर समोरून उजेड परतवायचा. कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं, आणि तेही एका लयीत.

आपल्याकडे ही विद्या रुजवली ती दादासाहेब फाळक्यांनी. दादासाहेब म्हटलं की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आठवतो. पण त्याच्या आधीचे फाळके आठवा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकलेले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केलेले. १९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. मग भांडवल उभं करायला त्यांनी काय दाखवलं? कुंडीत लावलेल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची फिल्म! थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट घेत केलेली. नट नाही, नटी नाही, गोष्ट नाही. एक बी, उजेड आणि कमालीचा धीर. मला वाटतं छायालेखनाची सगळी वृत्ती त्या एका फिल्ममध्ये आली. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी मात्र कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. हे नावही आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

इकडे कोल्हापुरात आणखी वेगळीच गोष्ट चालली होती. बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे कलाकार. सिनेमाने दोघांनाही वेड लावलं. कॅमेरा विकत आणणं परवडणारं नव्हतं, तर त्यांनी तो घरीच बनवायचं ठरवलं. आनंदराव १९१६ साली गेले. काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने ते पुरं केलं आणि त्या घरच्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' (१९२०) काढला. पुढे 'सिंहगड'साठी (१९२३) त्यांनी विजेचे दिवेही वापरून बघितले. सूर्याची गुलामी थोडी सैल झाली. कोल्हापुरात या कॅमेऱ्याच्या आठवणीसाठी स्तंभ उभारलाय. पुतळे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण कॅमेऱ्याचं स्मारक असलेलं गाव विरळाच.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम ही मंडळी तयार झाली. सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन त्यांनी १९२९ साली 'प्रभात' काढली, आणि १९३३ साली ती पुण्यात आणली. 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) चंद्रमोहनचा तो एकच डोळा सगळा पडदा व्यापतो ना, तो टेलिफोटो भिंगातून घेतलेला. कॅमेऱ्यावर होते धायबर. 'संत तुकाराम'चे (१९३६) दिग्दर्शक दामले-फत्तेलाल हे सगळ्यांना माहीत, विष्णुपंत पागनीसही माहीत. छायालेखक व्ही. अवधूत हे मला स्वतःला श्रेयनामावली थांबवून वाचल्यावर कळलं. पूर्वी थिएटरात ती दोन मिनिटं लोकांची खुर्च्या शोधण्यात जायची, आता रिमोटने पुढे ढकलण्यात जातात.

याच प्रभातमध्ये १९४४ च्या सुमाराला एक विशीतला मुलगा नोकरीला आला होता. नाव गुरुदत्त. आणि साधारण त्याच वेळी म्हैसूरचा दुसरा एक तरुण बंगळूरच्या पॉलिटेक्निकमध्ये सिनेमॅटोग्राफीचा डिप्लोमा करत होता. ते व्ही. के. मूर्ती. जन्म १९२३ चा. व्हायोलिन वाजवायचे, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगातही जाऊन आले होते. १९४६ साली डिप्लोमा हातात पडला. मग मुंबईला येऊन फली मिस्त्री या नामांकित छायालेखकांच्या हाताखाली उमेदवारी.

दोघांची गाठ पडली ती 'बाजी'च्या (१९५१) सेटवर. गुरुदत्तचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. छायालेखक होते व्ही. रात्रा आणि मूर्ती त्यांचे सहायक. एका गाण्यासाठी मूर्तींनी आरशाचा उपयोग करून एक अवघड, हलता शॉट सुचवला. रात्रांनी मोठ्या मनाने सांगितलं, तूच घे. घेतला, जमला. गुरुदत्तने तिथेच ठरवलं की पुढच्या सिनेमापासून हा माझा कॅमेरामन. 'जाल' (१९५२) आला आणि पुढची दहा वर्षं ही जोडी टिकली. 'आरपार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'प्यासा', 'कागज के फूल', 'साहिब बीबी और गुलाम'.

यातला 'प्यासा' (१९५७) पुन्हा बघाल तेव्हा शेवटाकडचा सभागृहाचा प्रसंग नीट बघा. मेला असं समजून ज्या कवीचा सत्कार चाललाय तोच दारात येऊन उभा राहतो. मागून उजेड. दोन्ही हात चौकटीला लावलेले, चेहरा अंधारात. तो कोण हे आपल्याला ठाऊक असतं, पण सभागृहातल्यांना फक्त एक आकृती दिसते. आता याच जागी समोरून दिवा लावून चेहरा लख्ख दाखवला असता तर? गोष्ट तीच राहिली असती, अंगावर काटा मात्र आला नसता.

आता तो झोत. 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. म्हणजे चौकट एकदम लांबोडकी, उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त रुंद. खास भिंग ते रुंद चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवतं आणि थिएटरात दुसरं भिंग ते पुन्हा पसरवतं. एवढ्या रुंद चौकटीत एकटं माणूस उभं केलं तर दोन्ही बाजूंना रिकामी जागाच जागा. मूर्तींनी ती जागा सामानाने भरली नाही, अंधाराने भरली. आणि गोष्टही सिनेमाच्या स्टुडिओतली असल्यामुळे रिकाम्या स्टुडिओत वरून ऊन येतंय असा झोत त्यांना हवा होता.

दिव्यांनी ते जमेना. दिव्याचे किरण पसरत जातात. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर पोचतात, म्हणून उन्हाची तिरीप कशी रेघेसारखी सरळ असते. उपाय सापडला तो आरशात. लहानपणी आपण सगळ्यांनी आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडलाय, आणि शेजारच्यांच्या डोळ्यात पाडून शिव्याही खाल्ल्यात :-) मूर्तींनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. एक मोठा आरसा स्टुडिओबाहेर खऱ्या उन्हात. त्याचं ऊन पकडायला दुसरा मोठा आरसा आत उंचावर. तिथून ते ऊन खाली. बंद स्टुडिओत खरा सूर्य आणला, दोन आरशांच्या जोरावर!

ऐकायला सोपं वाटतं. पण सूर्य एका जागी थांबत नाही. दर थोड्या मिनिटांनी बाहेरचा आरसा हलवायचा, तो हलला की आतला जुळवायचा. ढग आला की सगळं ठप्प. शिवाय नुसता उजेड हवेत दिसत नाही, त्याला धूळ नाहीतर धूर लागतो, आणि तोही बेताचा. आपण पडद्यावर दोन दुरावलेली माणसं आणि त्यांच्यामधला झोत बघून हळवे होतो. त्या क्षणी पडद्यामागे कितीजण आरसे धरून, घाम पुसत, सूर्याच्या मागे धावत असतील याचा विचार मनात येत नाही. यावा अशी अपेक्षाही नाही म्हणा. आला तर जादू मोडेल. पण सिनेमा संपल्यावर तरी यावा.

'कागज के फूल' सपशेल पडला. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही. मूर्तींना मात्र त्या सिनेमासाठी फिल्मफेअर मिळालं, आणि पुढे 'साहिब बीबी और गुलाम'साठी (१९६२) पुन्हा. त्यात मीनू मुमताजचं कोठ्यावरचं नाच-गाणं आहे. गाणं बघाल तेव्हा मुख्य नर्तिकेवरून नजर काढून मागच्या नाचणाऱ्या मुलींकडे बघा. त्या अखेरपर्यंत सावलीत आहेत. एकदाही उजेडात येत नाहीत. गाणं शंभरदा ऐकूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकदा लक्षात आल्यावर आता मला दुसरं काही दिसतच नाही.

मूर्तींच्या सिनेमात आरसा मित्र होता. त्याच सुमाराला दुसऱ्या एका सेटवर आरसा वैरी झाला होता. 'मुघल-ए-आझम'चा (१९६०) शीशमहल. हजारो काचा, आणि छायालेखक आर. डी. माथूर. दिवा लावला की प्रत्येक काच तो दिवा कॅमेऱ्यात परत फेकणार. नुसते चमकणारे ठिपके, मधुबाला दिसणारच नाही! माथूर यांनी दिव्यांचा उजेड थेट पडू दिला नाही. पांढऱ्या कापडांवर टाकून, तिथून परतलेला मऊ उजेड सेटवर येऊ दिला, आणि काचा शांत झाल्या. तरी त्या एका गाण्यात मधुबाला शेकडो काचांत एकदम दिसते. म्हणजे चकाकी काढली आणि प्रतिबिंब ठेवलं. विचार करून बघा, किती बारीक फरक आहे हा.

कापडावरून आठवलं ते कलकत्त्याचं. सुब्रत मित्र, जन्म १९३०. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार 'द रिव्हर'च्या शूटिंगला बंगालमध्ये आले होते तेव्हा हा विशीच्या आसपासचा मुलगा तिथे काम मागायला गेला. काम मिळालं नाही, बघायची परवानगी मिळाली. मग हा रोज जाऊन कुठला दिवा कुठे लावलाय याची चित्रं आणि टिपणं काढत बसायचा. ती इतकी बिनचूक होती की पुढे पुढे छायालेखक क्लोद रन्वारसुद्धा काल दिवे कसे होते हे बघायला याची वही मागायचे. सत्यजित राय यांची ओळख तिथलीच. रायनी 'पथेर पांचाली'चा कॅमेरा या मुलाच्या हाती दिला तेव्हा तो होता एकवीस वर्षांचा, आणि त्याने त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता!

पुढचा सिनेमा 'अपराजितो' (१९५६). काशीतलं हरिहरचं घर, चारी बाजूंनी उंच भिंती आणि मध्ये चौक. आपल्याकडच्या वाड्यात वाढलेल्यांना हा उजेड नेमका माहीत असेल. ऊन थेट खाली येत नाही. वरच्या आभाळाच्या तुकड्यातून एक मऊ, बिनसावलीचा उजेड चौकात उतरतो. पण पावसाळ्याच्या धास्तीने हा चौक स्टुडिओत बांधायचं ठरलं. मित्रांनी आक्षेप घेतला की दिव्यांच्या सावल्या पडणारच, आभाळाचा उजेड स्टुडिओत येणार कसा? कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त ऐकेनात. शेवटी मित्रांनी स्वतःच तोड काढली. चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. उजेड वर जाऊन, कापडावर पसरून, खाली उतरला. कापडाचं आभाळ. सिनेमा बघताना तो सेट आहे हे सांगूनही पटत नाही.

त्या काळच्या स्टुडिओत पद्धत अशी होती की नटाच्या तोंडावर एक दिवा, केसांवर मागून एक, भिंतीवर एक. त्यामुळे झोपडीतली गरीब बाईसुद्धा नटीसारखी चमकायची, आणि एका माणसाच्या चार सावल्या पडायच्या. मित्रांचा प्रश्न साधा होता. या खोलीला खिडकी कुठे आहे? मग उजेड तिथूनच यायला पाहिजे. आज 'बाउन्स लाईट' हा शब्द छायालेखनाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतो आणि लग्नातला फोटोग्राफरही फ्लॅश छताकडे वळवतो. १९५६ साली तो हट्टीपणा होता.

हा हट्टीपणा मला एका माणसामुळे जवळून माहीत आहे. आमचे काका. तालुक्याच्या गावी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नातेवाइकांपैकी बहुतेकांचे दाखवायचे फोटो तिथेच काढलेले. स्टुडिओ म्हणजे रस्त्याच्या बाजूची एक खोली, मागे डार्करूम, लाल दिवा आणि तो हायपोचा वास. सुट्टीत मी तिथे लुडबुड करायचो. काका फोटो काढायच्या आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून नुसते बघत बसायचे. समोरचा अवघडून जायचा. मला म्हणायचे, "अरे, आधी सावली बघ. नाकाची सावली कुठं पडतीय ते. चेहरा काय, तो दिसतोच." थोराड नाकाच्या मुलीचा दिवा किंचित खाली सरकायचा, खोल डोळ्यांच्या मुलासमोर पांढरा पुठ्ठा धरला जायचा. तो धरण्याचं काम माझं. नंतर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने तासन्‌तास काम. मुलीला सांगायचे नाहीत की मी काय केलं. फोटो बघून ती खूश, आणि "फोटोत चांगली येते हो आमची" असं म्हणत तिची आई खूश. काका पावती फाडत असायचे.

मूर्ती आणि मित्र हे फार मोठे लोक, काकांची त्यांच्याशी बरोबरी करत नाहीये. पण जात तीच. काम उत्तम झालं तर ते केलंय हे कळतच नाही. दुसरं म्हणजे ही विद्या पुस्तकातून थोडी आणि हातातून फार येते, आणि ती संपत नाही. काका सत्तरीतही कुणाच्या घरी गेले की आधी खिडकी कुठे आहे ते बघायचे. मूर्तींनी नाव झाल्यावर, फिल्मफेअर मिळाल्यावरही, 'द गन्स ऑफ नॅव्हरोन'च्या चमूचं काम बघायला परदेशी जाऊन पुन्हा विद्यार्थी होणं पसंत केलं. मित्र सतारही वाजवायचे ('पथेर पांचाली'त त्यांची थोडी सतार आहे). काम फार निवडून करायचे. 'न्यू दिल्ली टाइम्स'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, 'पथेर पांचाली'नंतर तीस वर्षांनी. शेवटची काही वर्षं ते कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत मुलांना शिकवत होते. २००१ साली गेले.

मूर्तींचं शिकवणं वेगळ्या तऱ्हेने झालं. त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेले गोविंद निहलानी पुढे 'अंकुर' (१९७४), 'निशांत', 'मंथन'चे छायालेखक झाले आणि मग दिग्दर्शक. त्यांनी 'तमस' (१९८८) केलं तेव्हा कॅमेऱ्यावर स्वतः निहलानी आणि त्यांच्या जोडीला मूर्ती. शिष्य दिग्दर्शक आणि गुरू त्याच्यासाठी कॅमेरा घेऊन उभे! तेव्हा मूर्ती पासष्टीला आले होते. आणि श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'चे छायालेखकही मूर्तीच. म्हणजे ज्यांचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, ते दर रविवारी आमच्याच घरात येत होते. आम्ही पोहे खात बघत होतो.

आता नावाचा प्रश्न. दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो. पहिला देविकाराणींना. पुढे नट, नट्या, दिग्दर्शक, निर्माते, संगीतकार, गायिका, गीतकार, सगळ्यांना मिळाला आणि योग्यच मिळाला. नितीन बोस यांना मिळाला, त्यांची सुरुवात कॅमेऱ्यावरची, पण त्यांना मान होता तो दिग्दर्शक म्हणून. निव्वळ छायालेखक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला तो पहिल्यांदा मिळाला २००८ सालासाठी, आणि जाहीर झाला जानेवारी २०१० मध्ये. व्ही. के. मूर्तींना. वय वर्षं ८६. ज्याने वाटाण्याच्या रोपाकडे कॅमेरा लावून सुरुवात केली त्या माणसाच्या नावाचा पुरस्कार एका छायालेखकापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली. मूर्ती २०१४ साली बंगळूरला गेले. दुसऱ्या दिवशी कामावर चारजणांना सांगितलं, तर एकाने विचारलं, "इन्फोसिसवाले का?"

नाव एकवेळ राहू दे. पण काम तरी राहतंय का? मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून जास्त सिनेमे निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिल्लक आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. आणि तिच्यात चांदी असते, त्यामुळे कित्येक प्रती चांदी काढायला भंगारात गेल्या. बाबूरावांच्या घरच्या कॅमेऱ्याने टिपलेला 'सैरंध्री' आज आपण बघू शकत नाही. पी. के. नायर यांनी फिल्म अर्काइव्हसाठी जन्म घालवला म्हणून जे वाचलं ते वाचलं. तरी जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्याच जुन्या आवारात नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागली आणि फार मोठा ठेवा गेला. संगीतकाराची चाल कुणीतरी गुणगुणतं, कवीचे शब्द वहीत राहतात. उजेड कसा गुणगुणणार?

जे वाचलंय त्याचंही आपण काय करतो? जुन्या चौकोनी टीव्हीवर सिनेमास्कोपच्या दोन्ही बाजू कापून दाखवायचे. आता टीव्ही रुंद झाले, तर आपण मोबाईलवर चिमटीने चित्र मोठं करून काळे पट्टे घालवतो आणि वरचं-खालचं किंवा बाजूचं कापतो. २००४ साली 'मुघल-ए-आझम' रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. लोकांनी गर्दी केली, नव्या पिढीने तो बघितला, हे चांगलंच. पण माथूर यांनी बरीचशी रिळं करड्याच्या छटांमध्ये विचार करून प्रकाशित केली होती. त्यावर नंतर रंग चढवणं म्हणजे मला कुणीतरी काकांच्या फोटोवर रंगीत खडू फिरवल्यासारखं वाटतं. आमच्या मावसभावाचं म्हणणं उलटं आहे. के. आसिफना सगळाच सिनेमा रंगीत हवा होता, मग बिघडलं काय? त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. फक्त हा प्रश्न विचारताना आपण दिग्दर्शकाला काय हवं होतं एवढंच विचारतो, उजेड मांडणाऱ्याने काय मांडलं होतं हे विचारत नाही.

असो. फार लांबलं. पण एक काम सांगतो. या आठवड्यात कुठलाही एक जुना सिनेमा लावा. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर उत्तम. पाच मिनिटं आवाज पूर्ण बंद करा. गोष्ट सोडून द्या आणि प्रत्येक चित्रात एवढंच शोधा, की उजेड कुठून येतोय? खिडकीतून, कंदिलातून, की कुठूनच नाही? सावल्या किती पडल्यात? मग मागे जाऊन श्रेयनामावलीतलं छायालेखकाचं नाव वाचा. एखादं नाव सापडलं तर मलाही कळवा. मला अजून पुष्कळ नावं माहीत करून घ्यायची आहेत.

आणि नातेवाइकांसाठी वेगळं. काकांच्या निगेटिव्हचे सहा डबे माझ्याकडे आहेत. पुठ्ठ्याच्या पाकिटांवर तारखा आहेत, नावं बऱ्याच ठिकाणी पुसली गेलीत. दिवाळीत सगळे जमाल तेव्हा खिडकीशी धरून बघू. त्यातली बरीच माणसं ओळखणारे आता तुमच्यातले दोघं-तिघंच उरलेत, तेव्हा आत्या, चष्मा घेऊन ये.